एकच क्वेरी कधी पापणी लवायच्या आत, कधी वीस सेकंद. पोस्टग्रेसवाले, जरा बघा की

पेवकर_सांगली (धागाकर्ता), सोमवार, रात्री ११:२०

राम राम मंडळी.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या आडत पेढ्यांसाठी आम्ही काही मित्र मिळून हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवतो. आवक, लॉट, सौदा, तोलाई, हमाली आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडणारी पट्टी, सगळं त्यात. साठेक पेढ्या एकाच डेटाबेसवर आहेत. डेटाबेस पोस्टग्रेस १४, अॅप जावा, स्प्रिंग बूटमध्ये, आणि डेटाबेसची कनेक्शनं उघडी ठेवून आळीपाळीने वापरायला देणारा पूल हिकारीचा. भाड्याचं मशीन, ८ कोअर, ३२ जीबी रॅम, एसएसडी.

दुखणं असं. 'बाकी पट्ट्या' म्हणून एक स्क्रीन आहे. ज्या पट्ट्यांचे पैसे द्यायचे राहिलेत त्यांतल्या ताज्या ५० दाखवायच्या, एवढंच काम. पट्टी टेबलमधून पेढी क्रमांक अमुक, स्थिती 'बाकी', तारखेच्या उतरत्या क्रमाने, लिमिट ५०. टेबलात ८० लाख ओळी. पेढी क्रमांकावर इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) आहे, तारखेवर वेगळा इंडेक्स आहे.

हीच क्वेरी कधी २० मिलिसेकंदांत येते, कधी २० सेकंद घेते. त्याच पेढीला, त्याच माणसाला, पाच मिनिटांच्या फरकाने. हंगाम भरात आहे, काउंटरवर शेतकरी उभा, मुनीमजी स्क्रीनकडे बघत बसलेले, आणि फोन मला. डीबीव्हर (हाताने क्वेरी चालवायचं टूल) उघडून तीच क्वेरी टाकली की दर वेळी झटक्यात येते. व्हॅक्यूम अ‍ॅनलाइझ करून झालं (मेलेल्या ओळींची सफाई, आकडेवारी ताजी), फरक नाही. अ‍ॅप रीस्टार्ट केलं की थोडा वेळ सगळं गोड, मग पुन्हा तेच.

काय बघू?

---

भडंग_प्रेमी, सोमवार, रात्री ११:४१

३२ जीबी कमी पडत असेल. ६४ करा. शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेसची कॅश मेमरी) किती ठेवलाय? डिफॉल्ट १२८ एमबीवरच असेल तर तिथंच घोडं पेंड खातंय.

---

पेवकर_सांगली, सोमवार, रात्री ११:५२

८ जीबी ठेवलाय. सीपीयू आणि डिस्क दोन्ही दिवसभर निवांत असतात. स्लो होतं तेव्हा एखादाच कोअर तापतो.

---

मिरजेचा_तंबोरा, मंगळवार, सकाळी ७:०५

लॉक असणार. कुणीतरी पट्टी अपडेट करत बसलंय आणि बाकीचे रांगेत. पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये त्या क्षणी वेट इव्हेंटचा (क्वेरी कशासाठी थांबलीये त्याचा) रकाना बघा.

(पेवकर म्हणजे हरिपूरच्या पेवांचे का हो?)

---

पेवकर_सांगली, मंगळवार, सकाळी ९:३०

हो, आजोबांची पेवं होती हरिपुरात, हळद साठवायची. २००५ च्या पुराने त्यांची वाट लागली, आडनाव तेवढं राहिलं.

आत्ताच एक स्लो क्वेरी चालू असताना पाहिलं. वेट इव्हेंट रिकामा, स्टेट अ‍ॅक्टिव्ह. कुणासाठी थांबलेली नाही, स्वतःच राबतीये.

---

विदामावशी, मंगळवार, सकाळी १०:१५

तीन गोष्टी सांगा, मग बोलते.

तक्रार करणाऱ्या पेढ्या मोठ्या की छोट्या? रीस्टार्टनंतरचा 'थोडा वेळ' म्हणजे साधारण किती? क्वेरी हायबरनेट (जावात क्वेरी आपोआप बनवणारी लायब्ररी) बनवतं की हाताने लिहिलीये, आणि ते ५० क्वेरीत आकडा म्हणून आहे की बाहेरून पॅरामीटर म्हणून येतं?

आणि भडंगप्रेमी, डिस्क निवांत आहे म्हटल्यावर रॅम कशाला विकत घ्यायला लावताय बिचाऱ्यांना?

---

पेवकर_सांगली, मंगळवार, सकाळी १०:४०

मावशी, हे लक्षातच आलं नव्हतं. फोन येतात ते सगळे छोट्या पेढ्यांचे. टेबलाचा तिसरा हिस्सा ज्या एका मोठ्या पेढीचा आहे, तिचा या स्क्रीनबद्दल आजवर एकही फोन नाही.

रीस्टार्टनंतर दहा-पंधरा मिनिटं बरं असतं. गर्दी असली की त्याआधीच बिघडतं. क्वेरी हाताने लिहिलेली, लिमिट ५० आत आकड्यातच. पेढी क्रमांक आणि स्थिती प्रश्नचिन्हाने जातात.

---

विदामावशी, मंगळवार, सकाळी ११:१०

मग मला वाटतं रोगी सापडला. पण आधी पुरावा. अंदाजाने औषध देणारे बरेच भेटतील तुम्हाला.

ऑटो एक्स्प्लेन हे मॉड्यूल चालू करा. किमान वेळ २ सेकंद ठेवा म्हणजे लॉगमध्ये फक्त मंद क्वेरींचे प्लॅन (डेटाबेस ओळी कुठल्या वाटेने शोधतो त्याचा आराखडा) येतील. लॉग अ‍ॅनलाइझही चालू करा, पण त्यातलं टायमिंग बंद ठेवा. नाहीतर प्रत्येक क्वेरीच्या प्रत्येक टप्प्यावर घड्याळ बघण्याचा भुर्दंड पडतो आणि हंगामात तो परवडणार नाही. पकडलेला प्लॅन इथं टाका. फिल्टरच्या ओळीत काय लिहून येतंय ते मला बघायचंय.

---

जुना_हिशेबनीस, मंगळवार, दुपारी १:००

आम्ही फॉक्सप्रोवर साखर कारखान्याचं बिलिंग केलंय, तिथं असले नखरे नव्हते. असो. वाचतोय.

---

पेवकर_सांगली, मंगळवार, दुपारी ३:२५

सापडला. रोमन इथं चिकटवलं की सगळं फिसकटतंय, म्हणून देवनागरीत उतरवून देतो:

लिमिट
  इंडेक्स स्कॅन बॅकवर्ड, पट्टी_तारीख_इंडेक्स
  अंदाजे ओळी ४४४४४, प्रत्यक्ष ओळी ३
  फिल्टर: पेढी_क्र = $१ आणि स्थिती = $२
  फिल्टरने गाळलेल्या ओळी: ७९,९९,८१२

आणि हीच क्वेरी त्याच पेढीसाठी डीबीव्हरमधून एक्स्प्लेन केली तर तारखेच्या इंडेक्सला हातही लावत नाही. पेढीच्या इंडेक्सवरून जाते, सॉर्ट करते आणि संपते.

तीन ओळींसाठी ८० लाख ओळी चाळल्या, मावशी!

---

विदामावशी, मंगळवार, संध्याकाळी ५:०५

फिल्टरमध्ये पेढीचा क्रमांक आणि 'बाकी' हा शब्द दिसायला हवा होता. त्याऐवजी $१ आणि $२ दिसतंय. याचा अर्थ हा प्लॅन तुमच्या पेढीसाठी बनलेलाच नाही. कुठलीही पेढी, कुठलीही स्थिती, सगळ्यांना मिळून एकच असा हा जेनेरिक प्लॅन आहे.

पोस्टग्रेस प्रिपेअर्ड स्टेटमेंटला (एकदा तयार ठेवून वेगवेगळ्या किमतींनी पुन्हा पुन्हा चालवायची क्वेरी) पहिल्या पाच वेळा दर वेळी नवा, त्या-त्या किमती बघून बेतलेला प्लॅन देतं. त्याला कस्टम प्लॅन म्हणतात. पाच झाले की एकदा जेनेरिक प्लॅन काढून बघतं आणि त्याचा अंदाजी खर्च कस्टम प्लॅनच्या सरासरीपेक्षा कमी वाटला तर तो धरतं. दर वेळी प्लॅन बनवण्याचा खर्च वाचावा हा हेतू. हेतू चांगलाच आहे. बहुतेक क्वेरींना त्याने काही बिघडत नाही.

त्यात जावाचा पोस्टग्रेस ड्रायव्हरही आपला हिशेब घालतो. एकाच कनेक्शनवर तीच क्वेरी पाचव्यांदा आली की मगच तो सर्व्हरवर नाव देऊन प्रिपेअर करतो. म्हणजे ड्रायव्हरचे चार, मग सर्व्हरचे पाच, आणि दहाव्या खेपेला फासा पडतो. डीबीव्हरमध्ये तुम्ही किमती थेट लिहून एकदा चालवता, म्हणून तिथं हे कधीच दिसणार नाही.

आता जेनेरिक प्लॅन इतका भोळा का, ते तुमच्या आकड्यांतच आहे. किंमत माहीत नसली की प्लॅनर सरळ सरासरी धरतो. पेढ्या साठ, म्हणून साठावा हिस्सा. स्थितीच्या वेगळ्या किमती किती, तीनच ना? म्हणून तिसरा हिस्सा. ८० लाख भागिले ६० भागिले ३ बरोबर ४४,४४४. तुमच्या प्लॅनमधला आकडा हाच. जुळणाऱ्या इतक्या ओळी असतील तर तारखेच्या चोपडीचं शेवटचं पान उघडून मागं मागं उलटत गेलं की ५० पट्ट्या नऊ हजार ओळींतच मिळतील, असं त्याला वाटतं. स्वस्त काम. पण छोट्या पेढीच्या बाकी पट्ट्या मुळात तीन. पन्नास कधी भरतच नाहीत, आणि तो उलटत उलटत पहिल्या पानापर्यंत जातो.

मोठ्या पेढीचा फोन का येत नाही तेही यातच आलं. तिच्या बाकी पट्ट्या भरपूर, तिला हाच प्लॅन पावतो.

---

मिरजेचा_तंबोरा, मंगळवार, संध्याकाळी ५:४०

वा. पण मग कधी फास्ट कधी स्लो का? दहा खेपांनंतर कायमच स्लो व्हायला हवं होतं.

---

विदामावशी, मंगळवार, संध्याकाळी ६:२०

चांगला प्रश्न. हा हिशेब कनेक्शनपुरता असतो, अख्ख्या सर्व्हरचा एक नसतो. पूलमधलं एखादं कनेक्शन जेनेरिककडे वळलेलं, दुसरं अजून कस्टमवर. मुनीमजींच्या क्लिकला कुठलं कनेक्शन मिळेल ते नशीब. आणि कुठल्या कनेक्शनवर सुरुवातीला कोण आलं यानेही फरक पडतो. सगळ्या खेपा मोठ्या पेढीच्या असतील तर कस्टमची सरासरी इतकी स्वस्त निघते की जेनेरिक महाग वाटतो आणि ते कनेक्शन शहाणंच राहतं.

शिवाय हिकारी डिफॉल्टने कनेक्शन ३० मिनिटांनी मोडून नवं काढतो. म्हणजे बिघडलेलं जातं, ताजं येतं, त्याचे नऊ डाव पुन्हा सुरू. दिवसभर हा पाठशिवणीचा खेळ. रीस्टार्ट केलं की सगळीच ताजी.

---

कंदी_पेढा, मंगळवार, संध्याकाळी ६:३१

हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावतो. आमच्याकडे साताऱ्यात असंच काहीतरी चालू आहे, पण एसक्यूएल सर्व्हरवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर. नंतर विचारतो, पेवकरांचं होऊ दे.

---

भडंग_प्रेमी, मंगळवार, रात्री ८:१०

मग सोपं आहे की. ड्रायव्हरमध्ये प्रिपेअर थ्रेशोल्ड शून्य करून टाका, प्रश्न मिटला.

---

विदामावशी, मंगळवार, रात्री ८:५०

चालेल, पण मग अ‍ॅपमधल्या सगळ्याच क्वेरींचं प्रिपेअर होणं थांबेल. त्यापेक्षा पोस्टग्रेस १२ पासून, म्हणजे २०१९ पासून, प्लॅन कॅश मोड नावाची सेटिंग आहे. अ‍ॅपच्या डेटाबेस युजरला अल्टर रोलने 'फोर्स कस्टम प्लॅन' लावा. नव्या कनेक्शनला लागू होते, सर्व्हर बंद करावा लागत नाही. दर खेपेला प्लॅन नव्याने बनेल, पण इतक्या साध्या क्वेरीला त्याचा खर्च मिलिसेकंदाच्याही आत असतो.

ही आजची रात्र निभावण्यापुरती मलमपट्टी. खरं औषध इंडेक्सचं. पेढी, स्थिती, तारीख, या क्रमाने एकच इंडेक्स करा. बरोबरीच्या अटी पुढं, क्रम लावायचा रकाना शेवटी. मग प्लॅनर भोळा असो की हुशार, त्याच्यासमोरचा सगळ्यात स्वस्त रस्ता तोच असेल. सेटिंग कुणीतरी पुढच्या अपग्रेडमध्ये विसरतं. इंडेक्स जागेवर राहतो.

---

जुना_हिशेबनीस, मंगळवार, रात्री ९:३५

मावशी, एक शंका. बाकी पट्ट्या शेकडा एक असतील. मग ८० लाखांचा इंडेक्स कशाला? स्थिती 'बाकी' असलेल्याच ओळींचा अर्धवट इंडेक्स करता येतो ना? एवढासाच होईल.

दुसरं म्हणजे स्थिती सारखी बदलणारी गोष्ट. ती इंडेक्समध्ये घेतली की प्रत्येक अपडेटला सगळे इंडेक्स हलणार. आत्ता स्थिती कुठल्याच इंडेक्समध्ये नाही, त्यामुळे अपडेट हॉट पद्धतीने होत असतील, म्हणजे नवी ओळ त्याच पानात जागा असली तर इंडेक्सला हात न लावता. तो फायदा जाईल.

---

विदामावशी, मंगळवार, रात्री १०:२०

फॉक्सप्रोवाल्यांनी भारीच पकडलं.

पार्शल, म्हणजे तुमच्या अर्धवट इंडेक्सचं गणित बरोबर, पण इथं एक खोच आहे. क्वेरीत स्थिती $२ म्हणून आली की जेनेरिक प्लॅन बनवताना प्लॅनरला $२ म्हणजे 'बाकी'च हे सिद्ध करता येत नाही, आणि सिद्ध झालं नाही तर तो पार्शल इंडेक्स वापरूच शकत नाही. इंडेक्स असतो, पण ज्या प्लॅनसाठी केला तिथंच तो बाद. पेवकर, स्क्रीन कायम बाकीच दाखवणार असेल तर प्रश्नचिन्ह काढून क्वेरीत 'बाकी' थेट लिहा. मग पार्शलसारखं दुसरं काही नाही, आणि तो पेढी व तारीख एवढ्याच रकान्यांवर करा.

हॉट अपडेटबद्दल: इथं एका पट्टीची स्थिती जन्मात किती वेळा बदलते? पैसे दिले की बाकीची पूर्ण, झालं. एखादी रद्द. तेवढ्यासाठी घाबरायचं कारण नाही. मिनिटागणिक बदलणारा रकाना असता, भाव किंवा स्टॉकसारखा, तर मीही नको म्हटलं असतं. आणि पार्शल असो वा पूर्ण, अटीत स्थिती आली की हॉट बाद होतंच, तो मुद्दा दोघांनाही सारखाच लागू.

---

पेवकर_सांगली, बुधवार, सकाळी ८:१५

फोर्स कस्टम प्लॅन काल रात्रीच लावला. पेढ्या उघडायच्यात, बघू.

स्क्रीनवर 'पूर्ण' आणि 'रद्द' बघायचाही पर्याय आहे, त्यामुळे पार्शल नको, तीन रकान्यांचा पूर्ण इंडेक्स करतो. क्रिएट इंडेक्स कन्करंटली लावला, म्हणजे लिहिणं चालू राहील. पण तो तासभर झाला तरी संपेना. ८० लाख ओळींना एवढा वेळ?

---

मिरजेचा_तंबोरा, बुधवार, सकाळी ८:४०

कन्करंटली करताना तो आधीपासून उघडी असलेली ट्रान्झॅक्शन संपायची वाट बघतो. कुणीतरी बिगिन करून जेवायला गेलं असेल. स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटीत 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' शोधा, ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ बघा.

---

पेवकर_सांगली, बुधवार, सकाळी ९:१०

तंबोरेबुवा, अगदी तेच! आमच्या रिपोर्टच्या छोट्या स्क्रिप्टने कालपासून एक ट्रान्झॅक्शन उघडं धरलंय. क्वेरी झाली, कमिट नाही. ते कनेक्शन मारलं आणि इंडेक्स मिनिटभरात पूर्ण झाला.

---

विदामावशी, बुधवार, सकाळी ९:४५

ते उघडं ट्रान्झॅक्शन फक्त इंडेक्सच्याच वाटेत नव्हतं. ते असेपर्यंत व्हॅक्यूमला त्यानंतर मेलेल्या ओळी साफ करता येत नाहीत, टेबल फुगत जातं. आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट पाच-दहा मिनिटांवर ठेवा, ९.६ पासून ती सोय आहे.

आणि आधी कन्करंटली मधेच मोडला असेल तर अपुरा राहिलेला, इनव्हॅलिड इंडेक्स मागं राहतो. क्वेरीला उपयोग शून्य, लिहिताना भार मात्र पुरेपूर. एकदा बघून टाका, असेल तर ड्रॉप करा.

---

पेवकर_सांगली, बुधवार, रात्री १०:३०

दिवसाचा अहवाल. एक इनव्हॅलिड इंडेक्स निघाला, काढला. खात्री करायची म्हणून एका सेशनमध्ये मुद्दाम 'फोर्स जेनेरिक प्लॅन' लावून त्याच छोट्या पेढीसाठी क्वेरी चालवली. नवा इंडेक्स, तीन ओळी वाचल्या, गाळलेली एकही नाही, १ मिलिसेकंदाच्या आत. मग अल्टर रोलची सेटिंगही काढून टाकली आणि दुपारचं सौद्याचं सगळं गर्दीचं काम त्यावर झालं. ऑटो एक्स्प्लेनच्या लॉगमध्ये ही क्वेरी दिवसभरात आली नाही.

लॉगमध्ये आता एकच उरलीये, शेतकऱ्याचा वर्षाचा खातेउतारा, चार-पाच सेकंद. त्यात सॉर्ट मेथड एक्स्टर्नल मर्ज, डिस्क असं येतंय, म्हणजे सॉर्ट मेमरीत न मावता डिस्कवर होतंय.

---

मिरजेचा_तंबोरा, बुधवार, रात्री १०:४४

वर्क मेमरी डिफॉल्ट ४ एमबीवर असणार. त्या रिपोर्टच्या सेशनपुरती ६४ करा. सगळ्यांना सरसकट वाढवू नका, ती प्रत्येक सॉर्टला वेगळी लागते, एका क्वेरीत दोन-चारही होतात.

---

भडंग_प्रेमी, बुधवार, रात्री १०:५०

म्हणजे शेवटी मेमरीच ना! ;)

---

कंदी_पेढा, बुधवार, रात्री ११:०५

आता माझी पाळी. साताऱ्याकडे उसाच्या काट्यावरचं सॉफ्टवेअर, एसक्यूएल सर्व्हर २०१९. टोळीनिहाय वजनाची क्वेरी आठवड्यातून एखादे दिवशी अचानक बसते. त्या दिवशी सगळ्यांनाच मंद, मोठ्या टोळ्या असोत की छोट्या. स्टॅटिस्टिक्स अपडेट केले की सुरळीत. हेच का?

---

विदामावशी, गुरुवार, सकाळी ९:२०

चुलत भाऊ म्हणा. तिथं उलटं होतं. पोस्टग्रेस सरासरीवर प्लॅन करून फसतं, एसक्यूएल सर्व्हर पहिल्या आलेल्या किमतीवर प्लॅन बेततो आणि तोच पुढच्या सगळ्यांना वापरतो. पॅरामीटर स्निफिंग. शिवाय त्याची प्लॅन कॅश सगळ्या कनेक्शनची मिळून एक, म्हणून एकदा बिघडलं की सगळ्यांना एकदमच मंद. पहाटे पहिली क्वेरी एखाद्या दोन बैलगाड्यांच्या टोळीची आली की दिवसभर सगळ्यांना तिच्या मापाचा प्लॅन. स्टॅटिस्टिक्स बदलले की जुना प्लॅन टाकून नवा बनतो, म्हणून तुम्हाला तो उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. त्या वेळी योग्य टोळी पहिली आली एवढंच.

क्वेरी स्टोअर चालू आहे का? नसेल तर आजच करा, २०१६ पासून आहे. मग चांगल्या आणि वाईट दिवसाचे दोन्ही प्लॅन शेजारी ठेवून बघता येतील. तोवर त्या एका क्वेरीला शेवटी ऑप्शन रीकंपाइल जोडा, म्हणजे दर वेळी प्लॅन नवा बनेल. वाईट दिवसाचा प्लॅन हाती आला की नवा धागा काढून टाका, इथं पेवकरांच्या हळदीत ऊस नको.